नवोदित संशोधक आणि परिषदेची वाट : चेताविज्ञान व प्राणिवर्तन ह्या क्षेत्रांतील साहाय्याचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी गोसीखुर्द हे गाव आहे. एप्रिल १९८८ मध्ये तेथील धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढील काळात नदीवर अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा बांध उभा राहिला. २००९ मध्ये ह्या प्रकल्पास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाचे सिंचन, त्याचा वाढता खर्च व विस्थापितांचे पुनर्वसन ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु प्राणिवर्तनाच्या अभ्यासकास ह्या परिसरात आणखी एक विषय दिसतो. जेथे नदीचे उथळ पात्र होते तेथे विस्तीर्ण जलाशय झाला. जेथे रान सलग होते तेथून कालवे गेले. आणि ह्या बदललेल्या भूमीस लागूनच उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे अभयारण्य आहे. 'जय' ह्या नावाने प्रसिद्धी पावलेला वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलातून ह्याच अभयारण्यात आला, आणि एप्रिल २०१६ नंतर त्याचा मागमूस लागला नाही. पाण्यापाशी येऊन प्राणी थबकतो की पोहून जातो, जुनी वाट बंद झाल्यावर नवी वाट तो कशी शोधतो, आणि ती त्याच्या स्मरणात कशी राहते, हे प्रश्न येथे ग्रंथातून काढावे लागत नाहीत. ते दारात उभे आहेत.

ह्यांतील पहिला प्रश्न प्राणिवर्तनशास्त्राचा आणि शेवटचा चेताविज्ञानाचा, म्हणजे मेंदू व मज्जातंतू ह्यांच्या शास्त्राचा होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दोन शास्त्रे एकमेकांच्या निकट आली आणि त्यांच्या परिषदाही भरू लागल्या. ह्या परिषदा टोकियो, लोझान यांसारख्या नगरांत भरत. जेथे प्राणी आहेत तेथून जेथे चर्चा आहे तेथवरचे अंतर नवोदित संशोधकाने कसे ओलांडावयाचे, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. महाराष्ट्रात त्यास वेगवेगळ्या काळी कोणती उत्तरे मिळाली आणि त्यांपैकी कोणते उत्तर अधिक फलदायी ठरले, ह्याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

२. कर्ज आणि पदरमोड

विद्येसाठी समुद्रापार जाणाऱ्या तरुणास संस्थेने साहाय्य करावे, ही कल्पना मुंबईस नवी नाही. जमशेटजी टाटा ह्यांनी १८९२ साली उच्च शिक्षणार्थ परदेशी जाणाऱ्यांसाठी आपला निधी स्थापन केला. ह्या निधीतून मिळणारी रक्कम देणगी नसून कर्जाऊ असे. विद्यार्थ्याने ती पुढे फेडावयाची आणि त्यातून दुसऱ्याची सोय व्हावयाची, असा तो क्रम होता. पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा ह्या स्त्री-वैद्य होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहे. परंतु हा निधी अनेक वर्षांच्या शिक्षणासाठी होता. चार दिवसांच्या परिषदेसाठी प्रवास करावा व त्यास कोणी पैसा द्यावा, ही कल्पना तेव्हा रूढ झालेली नव्हती.

ह्या काळात प्राणिवर्तनाचा अभ्यास करणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या बळावर उभा असे. डॉ. सालिम अली ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. १९२९ च्या सुमारास ते बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान ह्यांच्या हाताखाली काम शिकण्यासाठी गेले. परत आल्यावर त्यांना योग्य नोकरी मिळाली नाही. तेव्हा कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे राहून त्यांनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे बांधतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादी मादी ते पसंत करून त्यात राहिली म्हणजे नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या उद्योगास लागतो, असे त्यांस दिसून आले. हा निबंध १९३१ मध्ये मुंबई नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचे नियतकालिक १८८६ पासून निघत होते.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मोलाचे निरीक्षण करण्यास नारळी-पोफळीचे गाव व चिकाटी पुरेशी होती. आणि ते निरीक्षण जगापुढे मांडण्यास स्थानिक नियतकालिक उपलब्ध होते, म्हणून ते टिकले. परंतु ते मांडणाऱ्याचे समकालीन अभ्यासकांशी समोरासमोर बोलणे व्हावे, अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. बर्लिनची वाट त्यांना मिळाली, कारण ती त्यांच्या कुटुंबास परवडण्याजोगी होती. ज्यांना ती परवडली नाही अशांची नोंद इतिहासात राहण्याचा संभव अल्पच.

३. परिषद नागपुरास येते

तरुणास परिषदेकडे नेणे महाग पडत असेल तर परिषदच तरुणाच्या गावी यावी, हा उपाय भारतीय विज्ञान परिषदेने आरंभापासून अंगीकारला. १९१४ मध्ये कलकत्त्यास तिचे पहिले अधिवेशन भरले आणि त्यानंतर ते दरवर्षी वेगवेगळ्या नगरांत भरत गेले. नागपूरच्या वाट्यास हा मान १९२०, १९३१, १९४५, १९७४ व २०२३ असा पाच वेळा आला. १९२० चे अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय होते, १९३१ चे अध्यक्ष प्राणिशास्त्रज्ञ सेमूर स्यूएल, आणि १९४५ चे अध्यक्ष शांतिस्वरूप भटनागर. १९२० मध्ये नागपूर विद्यापीठ अस्तित्वातही आले नव्हते. ते १९२३ मध्ये स्थापन झाले. २०२३ चे अधिवेशन त्याच विद्यापीठाच्या शताब्दीवर्षात भरले.

मध्यप्रांत-वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ह्या अधिवेशनांचा अर्थ साधा होता. भंडारा-पवनीहून नागपूर एका दिवसाच्या वाटेवर होते. ज्याला मुंबई किंवा कलकत्ता दुरापास्त, त्याला नागपुरात प्राणिशास्त्राच्या शाखेत बसून देशातील विद्वानांचे बोलणे ऐकता येत होते. तथापि ह्या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, अकरा, चौदा किंवा एकोणतीस वर्षांतून एकदा येणारी संधी ही कोणत्याही एका पिढीच्या उपयोगी पडेलच असे नाही. १९४५ नंतर जो विद्यार्थी नागपुरात दाखल झाला त्याला १९७४ पर्यंत थांबावे लागले असते. दुसरी उणीव विषयाची होती. अधिवेशनाचे काम शाखांत विभागलेले असे. प्राणिशास्त्राची शाखा वेगळी आणि १९२५ पासून मानसशास्त्राची वेगळी, तर शरीरक्रियाविज्ञान आणखी तिसरीकडे. प्राणी कसा वागतो आणि त्या वागण्यामागे मेंदूत काय घडते, असा एकत्र प्रश्न विचारणाऱ्याने नेमके कोठे बसावे, हे स्पष्ट नव्हते.

विज्ञान परिषदेने तरुणांसाठी निराळी सोय केली ती १९८१ मध्ये. त्या वर्षीच्या अडुसष्टाव्या अधिवेशनापासून तरुण वैज्ञानिकांचा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे श्रोता म्हणून येणाऱ्या तरुणास वक्ता म्हणून मान्यता मिळण्यास अधिवेशनांच्या आरंभापासून जवळजवळ सात दशके लागली. आणि ही वाटदेखील अखंड राहिली नाही. २०२३ च्या नागपूर अधिवेशनानंतर वार्षिक अधिवेशनाच्या परंपरेत खंड पडला. १९७४ चे अधिवेशन नागपूरकरांच्या स्मरणातून पुसट होत असता जे पुन्हा आले, त्याच्या मागोमाग हे घडले.

४. प्रतिष्ठाने व शासन

दुसऱ्या महायुद्धानंतर साहाय्याचे स्वरूप पालटले. अमेरिकेतील प्रतिष्ठानांनी भारतीय संशोधकांस शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला होता, आणि चेताविज्ञानाच्या क्षेत्रात त्याचे फळ लवकरच दृष्टीस पडले. दिल्लीचे डॉ. बाळकृष्ण आनंद हे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने येल विद्यापीठात गेले आणि तेथे जॉन ब्रोबेक ह्यांच्यासह त्यांनी १९५१ मध्ये असे दाखवून दिले की, उंदराच्या मेंदूतील अधश्चेतकाचा बाहेरील भाग नष्ट केला असता तो प्राणी अन्नास शिवत नाही. भूक ही वर्तनाची गोष्ट मेंदूतील एका विशिष्ट स्थानाशी जोडणारा हा निष्कर्ष जगन्मान्य झाला. एका तरुण अध्यापकास मिळालेल्या प्रवासाचे व सहवासाचे हे फळ होय. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांच्या हाताखाली ह्या विषयाची परंपरा निर्माण झाली.

परंतु प्रतिष्ठानांची निवड मोजक्यांची असते. साहाय्यास नियमाचे रूप यावयाचे तर ते शासनाकडून यावे लागते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये आणि केंद्र शासनाचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग १९७१ मध्ये स्थापन झाला. ह्या संस्थांच्या प्रवासअनुदानाच्या योजना कालांतराने आल्या. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची परदेशी परिषदांसाठीची योजना पुढे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे गेली. हे मंडळ २००८ च्या कायद्याने निर्माण झाले, आणि २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. पस्तीस वर्षांखालील संशोधकास पूर्ण विमानभाडे आणि त्याहून ज्येष्ठास अर्धे, असा ह्या योजनेचा नियम होता. वयाची अशी सीमा नियमात लिहिली जाणे ही गोष्ट महत्त्वाची आहे. तरुणाची गरज ज्येष्ठाहून वेगळी आहे हे शासनाने त्यायोगे मान्य केले. रेल्वेच्या सवलतींच्या यादीतही पस्तीस वर्षांपर्यंतच्या संशोधकांचा संशोधनार्थ प्रवासासाठी निराळा उल्लेख होता, आणि दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात त्यांस निम्मी सूट मिळे.

नियमाच्या ह्या उदारतेस व्यवहारात एक खोच होती. परिषदेकडून निबंधाचा गोषवारा स्वीकारला गेल्याचे पत्र आल्यावरच अर्ज करता येतो. अर्जाचा निकाल लागेतो प्रवासाचा दिवस जवळ येतो. आणि बहुतेक योजनांत खर्च आधी पदरचा करून भरपाई मागाहून घ्यावयाची असते. नोंदणीशुल्क, प्रवेशपत्र, विमानभाडे ही सारी रक्कम काही महिने गुंतवून ठेवणे ज्या कुटुंबास शक्य आहे त्याच कुटुंबातील मुलास ह्या साहाय्याचा सुखाने लाभ घेता येतो. धानाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घरातील विद्यार्थ्यास भरपाईचे आश्वासन पुरे पडत नाही. १८९२ च्या निधीत कर्ज संस्था देत असे व विद्यार्थी फेडत असे. येथे एका परीने विद्यार्थी शासनास कर्ज देतो आणि शासन ते फेडते.

५. कुलाब्याचा प्रयोग

ह्या सर्व उपायांहून वेगळा आणि परिणामाच्या दृष्टीने अधिक विचारार्ह असा प्रयोग मुंबईत कुलाबा येथे झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये होमी भाभा ह्यांनी स्थापन केली. ती मुख्यतः गणित व पदार्थविज्ञान ह्यांची संस्था. १९६२ मध्ये, म्हणजे कुलाब्याची नवी वास्तू ज्या वर्षी कार्यरत झाली त्याच वर्षी, ओबेद सिद्दिकी हे तेथे आले आणि त्यांनी रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. सिद्दिकी ह्यांचा जन्म १९३२ सालचा. अलीगढ येथे शिक्षण घेऊन त्यांनी ग्लासगो येथे ग्विदो पोंतेकोर्व्हो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली आनुवंशिकीत पदवी मिळविली होती.

आरंभी जीवाणूंच्या आनुवंशिकीवर काम केल्यानंतर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सिद्दिकी कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर ह्यांच्या प्रयोगशाळेत गेले. फळमाशीच्या जनुकात एकेक बदल करून त्यायोगे तिच्या वर्तनात काय फरक पडतो हे पाहण्याचा बेंझर ह्यांचा मार्ग होता. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ही माशी लहान, स्वस्त आणि अल्पायुषी. तिच्या पिढ्या झपाट्याने होतात. म्हणून मेंदू व वर्तन ह्यांचा संबंध शोधण्यास ती सोयीची. नेहमीच्या तपमानात धडधाकट असणाऱ्या परंतु तपमान वाढविताच लुळ्या पडणाऱ्या व थंडाव्यात पुन्हा सावरणाऱ्या उत्परिवर्तित माश्यांच्या मज्जातंतूंत नेमका दोष काय, ह्यावरील सिद्दिकी व बेंझर ह्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईस परतल्यावर सिद्दिकी ह्यांनी माशीच्या घ्राण व रुची ह्या संवेदना हाती घेतल्या. ह्या कामात त्यांच्या पहिल्या सहकाऱ्यांत व्हेरोनिका रॉड्रिग्ज ह्या विद्यार्थिनी होत्या. १९५३ मध्ये नैरोबी येथे एका गोमंतकीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मकेरेरे व नंतर डब्लिन येथे त्या शिकल्या. सिद्दिकी ह्यांचे काम वाचून त्यांनी पत्र लिहिले आणि संशोधनासाठी त्या मुंबईस आल्या. इंग्रजी वायसारख्या आकाराच्या नळीत माशी सोडावयाची, एका फाट्यातून गंध आणि दुसऱ्यातून निर्गंध हवा सोडावयाची, आणि माशी कोणती वाट धरते ते मोजावयाचे, अशी साधी युक्ती त्यांनी वापरली. गंध ओळखण्यात चुकणाऱ्या माश्या ह्या रीतीने निवडता आल्या. रॉड्रिग्ज व सिद्दिकी ह्यांचा ह्या विषयावरील निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात, म्हणजे देशी नियतकालिकात, प्रसिद्ध झाला.

ह्यानंतर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी निगडित आहे. ह्या तरुण गटास परदेशी परिषदांत पाठवावयाचे तर प्रत्येकासाठी भाडे, परवाने व परकीय चलन ह्यांची तजवीज करावी लागली असती; आणि १९७० च्या दशकात परकीय चलन मिळविणे सोपे नव्हते. त्याऐवजी डिसेंबर १९७९ मध्ये, १९ ते २२ ह्या तारखांस, फळमाशीचा विकास व वर्तन ह्या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद टाटा संस्थेतच भरविण्यात आली. तिचे इतिवृत्त १९८० मध्ये न्यूयॉर्क येथून ग्रंथरूपाने निघाले. सिद्दिकी, त्यांचे सहकारी पी. बाबू, आणि अमेरिकेतील लिंडा हॉल व जेफ्री हॉल असे चौघे त्याचे संपादक होते. जेफ्री हॉल ह्यांना पुढे २०१७ मध्ये दैनंदिन जैविक लयीच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच ग्रंथात व्हेरोनिका रॉड्रिग्ज ह्यांचा फळमाशीच्या घ्राणवर्तनावरील स्वतंत्र निबंध आहे. त्यांना संशोधनाची पदवी मिळाली ती १९८१ मध्ये. म्हणजे पदवी हाती येण्यापूर्वीच, ज्या लोकांची नावे त्या निबंधांतून वाचीत होत्या त्यांच्या पंक्तीस त्या लेखिका म्हणून बसल्या. पुढे ट्यूबिंगन येथे काम करून त्या मुंबईस परत आल्या आणि २०१० मध्ये निधन होईपर्यंत ह्या क्षेत्रातील एका संपूर्ण पिढीच्या मार्गदर्शक राहिल्या.

ह्या प्रयोगाची दुसरी बाजू महाबळेश्वर येथे दिसते. टाटा संस्थेतील जीवशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये तेथे आधुनिक जीवविज्ञानावरील परिसंवादांची परंपरा सुरू केली. परिसंवाद लहान आणि निवासी. परदेशचे नामवंत पाहुणे व देशातील विद्यार्थी एकाच ठिकाणी उतरत, एकत्र जेवत आणि फिरावयास जात. पुढे परिसंवादांची स्थळे बदलली तरी महाबळेश्वरचे नाव कायम राहिले. मोठ्या परिषदेत नवख्यास व्यासपीठावरील विद्वानापर्यंत पोहोचण्यास धैर्य लागते. पायवाटेवरून बरोबर चालताना ते लागत नाही. विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा ठरेल ही भीती अशा सहवासात मावळते. प्रवासअनुदानाच्या कोणत्याही नियमात ह्या लाभाची तरतूद करता येत नाही.

कुलाब्याच्या प्रयोगाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. त्याचा लाभ मुख्यतः त्या एका संस्थेतील व तत्सम मोजक्या संस्थांतील विद्यार्थ्यांस झाला. परिषद मुंबईत भरली म्हणून मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील किंवा नागपूर-अमरावतीकडील विद्यार्थी तेथे आपोआप पोहोचले असे मानावयास आधार नाही. अंतर केवळ मैलांचे नसते, संस्थेसंस्थेमधीलही असते.

६. बंगळूर, कलकत्ता आणि परदेशची उदाहरणे

प्राणिवर्तनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदा युरोपात विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाल्या. आरंभी त्या आमंत्रितांपुरत्या असत, आणि कोणत्या देशातून किती जण यावेत हे ठरलेले असे. ज्या देशात ह्या शास्त्राची मान्यवर मंडळी नाहीत तेथील तरुणास अशा व्यवस्थेत शिरकाव मिळणे कठीण होते. १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ व निको टिनबर्गेन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यावर शास्त्राची प्रतिष्ठा वाढली आणि परिषदांची दारेही क्रमाने खुली झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये ह्या मालिकेतील सव्विसावी परिषद बंगळूर येथे भरली. गांधीलमाशीच्या समाजजीवनाचे अभ्यासक राघवेंद्र गडगकर हे तिच्या संयोजनात अग्रभागी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ह्याच मालिकेतील परिषद कोलकात्यास भरली. हावडा-नागपूर-मुंबई हा लोहमार्ग भंडारा रोड स्थानकावरून जातो, हे लक्षात घेतले म्हणजे जागतिक परिषद पवनीच्या विद्यार्थ्यापासून किती अंतरावर आली होती ते कळते. पासपोर्टाऐवजी रेल्वेचे तिकीट पुरणारे होते.

चेताविज्ञानात १९६१ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटना अविकसित देशांतील तरुणांस प्रवासासाठी साहाय्य देत आली आहे. तिची पहिली जागतिक परिषद १९८२ मध्ये लोझान येथे भरली. मज्जातंतू व वर्तन ह्यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९८० च्या दशकाच्या आरंभी निर्माण झाली, आणि तिची पहिली परिषद १९८६ मध्ये टोकियोस झाली. ह्या संस्थेची विद्यार्थ्यांसाठीची प्रवासपारितोषिके वाल्टर हायलिगेनबेर्ग ह्यांच्या नावे आहेत. विद्युत्-मासे परस्परांच्या विद्युत्-संकेतांचा गोंधळ कसा टाळतात, ह्याचे मेंदूपर्यंतचे स्पष्टीकरण त्यांनी केले होते. सप्टेंबर १९९४ मध्ये एका विमान अपघातात त्यांचा अंत झाला. प्रवासातच जीवन संपलेल्या शास्त्रज्ञाचे स्मारक म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनी पुतळा न उभारता विद्यार्थ्यांच्या प्रवासाची सोय केली, ही गोष्ट त्या समाजाच्या मूल्यांवर प्रकाश टाकणारी आहे.

७. निबंध पोहोचतो, निबंधकार राहतो

महाविद्यालयीन पातळीवरील संशोधन जगापुढे जाऊ शकते काय, असा प्रश्न ह्या संदर्भात उपस्थित होतो. त्याचे उत्तर पुण्याने दिले आहे. आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी ह्यांनी वेडा राघू ह्या पक्ष्यावर केलेले काम २००२ मध्ये प्राण्यांच्या आकलनशक्तीस वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शत्रूच्या स्थानावरून आपले घरटे दिसते की नाही, ह्याचा अंदाज घेऊन हा पक्षी घरट्यात शिरावयाचे की थांबावयाचे ते ठरवितो, असा त्याचा आशय आहे. आठ लेखकांचा हा निबंध महागड्या उपकरणांवाचून, पुण्याच्या आसमंतात पक्षी पाहून सिद्ध झाला. किहीमच्या सुगरणीनंतर सात दशकांनी मराठी मुलखातील निरीक्षणाची ती परंपरा जिवंत असल्याची ही साक्ष होय. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणविज्ञान विभागातही मेंदूतील पेप्टाइडे व प्राण्यांचे वर्तन ह्यांच्या संबंधावर संशोधन झाले आहे. म्हणजे गोसीखुर्दपासून फार दूर न जाताही ह्या शास्त्राची दोन्ही अंगे आढळतात.

निबंध टपालाने अथवा संगणकाने थोड्या खर्चात जातो. मग निबंधकाराने जावयाचे कशास, अशी शंका घेतली जाते. नियतकालिकातील निबंध हा पूर्ण झालेल्या कामाचा अहवाल असतो. परिषदेत अपुऱ्या कामाची चर्चा होते. कोणती चूक पुढे दोन वर्षे वाया घालवील हे तेथे कोणीतरी पाच मिनिटांत सांगतो. आणि पुढील मार्गदर्शक, सहकारी किंवा टीकाकार तेथेच भेटतो. रॉड्रिग्ज ह्यांचे पहिले पाऊल पत्राने पडले, परंतु त्यांची ओळख समोरासमोर झाली. ज्ञानाचा हा तोंडी भाग ज्यांना मिळत नाही ते कायम छापील भागाच्या मागे राहतात, कारण छापलेले सर्व काही आदल्या वर्षांचे असते.

८. समारोप

वरील इतिहासावरून साहाय्याचे चार प्रकार दिसून येतात : कर्ज, शिष्यवृत्ती, प्रवासअनुदान आणि परिषदच जवळ आणणे. पहिल्या तिन्हींत व्यक्ती निवडली जाते. चौथ्यात स्थळ निवडले जाते. व्यक्तीची निवड करणारी साधने ज्याची ओळख आधीच झाली आहे अशाच्या पदरात पडण्याकडे झुकतात, कारण गोषवारा स्वीकारला जाण्यास, शिफारसपत्र मिळण्यास आणि खर्च आधी करण्यास काही भांडवल लागते. स्थळ निवडणारे साधन अनोळखी विद्यार्थ्यासही आत घेऊ शकते. मात्र दारावर त्याचे नाव विचारले जाऊ नये. १९२० च्या नागपुरात परिषद जवळ आली, पण तरुणास बोलण्याची जागा नव्हती. १९७९ च्या कुलाब्यात ती जागा होती, पण ती मोजक्यांपुरती होती. शासनाच्या योजनांत वयाचा विचार झाला, पण कुटुंबाच्या ऐपतीचा झाला नाही. ह्या तीन प्रयत्नांतील जमेच्या बाजू अजून एकत्र आलेल्या नाहीत.

त्या एकत्र आणण्यास फार मोठा खर्च लागेल असे दिसत नाही. प्रवासाची रक्कम भरपाईऐवजी आगाऊ देणे, विद्यापीठाच्या विभागानेच ती काही महिन्यांसाठी वाहणे, देशात भरणाऱ्या परिषदांत आसपासच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी काही जागा राखून ठेवणे, आणि परतलेल्या विद्यार्थ्याने आपल्या विभागात ऐकलेल्या गोष्टींचे कथन करणे, ह्या गोष्टी विभागाच्या पातळीवर शक्य आहेत. शेवटच्या गोष्टीकडे विशेष दुर्लक्ष होते. एक जण जाऊन आला आणि त्याने तोंड उघडले नाही, तर अनुदान एकावर खर्च झाले. त्याने सांगितले तर ते वीस जणांवर झाले.

गोसीखुर्दच्या परिसरात जलाशयाच्या काठी प्राणी रोज काही निर्णय घेत आहेत. ते निर्णय पाहणारे डोळे त्याच तालुक्यात आहेत, आणि त्यांना ऋतूंची, वाटांची व पाण्याच्या चढउताराची जी माहिती आहे ती दुरून येणाऱ्या अभ्यासकास वर्षानुवर्षे मिळत नाही. त्या डोळ्यांनी पाहिलेले सभागृहात कोण सांगणार, हा प्रश्न भाड्याच्या रकमेपुरता नाही. दुसरा कोणी येऊन, मोजून व नेऊन सांगेल तर शास्त्राचे काम काही अंशी होईल. परंतु विद्यापीठाचे काम अपुरे राहील, कारण पाहणाऱ्यास सांगणारा करणे हेच विद्यापीठाचे काम होय.